देवाला झोपवणारं गाणं

चैत्र लागला की टेकडीवरचे भोंगे बोलू लागतात. देवासमध्ये राहणाऱ्याची त्यातून सुटका नाही. माताजीची टेकडी गावाच्या मधोमध, आवाज वरून खाली येणारा. खिडकी लावली तरी तो छतावरून, नळाच्या पाइपातून, कुठून तरी आत येतोच. मागच्या वर्षी गाजलेल्या प्रेमगीतांना या वर्षी देवीचे शब्द बसवलेले असतात. नायिकेच्या ओढणीच्या जागी आईची चुनरी, नायकाच्या गल्लीच्या जागी आईचा दरबार. ढोलक तीच, ठेका तोच. मी लाल पेन घेऊन उत्तरपत्रिका तपासत बसलेली असते, बाहेर धुळीचा वारा, आणि कानांवर ते गाणं. मूळचे शब्द मला पाठ असतात, नवे शब्द त्या चालीत दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखे फिरत असतात.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत यावरून दरवर्षी हसू होतं. ‘देवीलाही आता डिस्को लागतो,’ असं कोणीतरी म्हणतं. मी हसत नाही. एरवीही मी कमीच बोलते, म्हणून कोणाच्या ते लक्षात येत नाही. गाण्यातल्या देवाशी माझं एकेकाळी बरं जमत होतं. ते कुठल्या चैत्रात संपलं हे मला माहीत आहे, आणि भोंगा सुरू झाला की तो चैत्र परत घरात येऊन बसतो.

मी मिशनच्या शाळेत शिकले. रोज सकाळी प्रार्थनेला पियानो वाजायचा. त्याच्या काही पट्ट्या बोलत नसत. तिथे आम्ही मुली आपापल्या मनाने सूर भरायचो. सिस्टर म्हणायच्या, तोंड उघडून गा, देवाला दातांमागचं ऐकू येत नाही. मी दातांमागूनच गायचे. पण ती गाणी मला आवडायची. त्यांत एक मेंढपाळ असायचा, अंधारी दरी असायची, वादळात सापडलेली होडी असायची. माळव्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या मला होडी फक्त नेमावरला, नर्मदेच्या घाटावर दिसलेली. तीही खुंटीला बांधलेली. तरी ते वादळ मला खरं वाटायचं. घरी ती गाणी गुणगुणले की आई म्हणायची, ‘हळू गं, शेजारी ऐकतील.’ बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, ‘म्हणू दे तिला. मात्र आधी शुभंकरोति, मग त्यांचा देव.’

पुढे रेडिओवर आणि मग कॅसेटवर इंग्रजी गाणी ऐकू लागले, तेव्हा नवल वाटलं ते याचंच, की इथेही देव होता. आमच्याकडे समज असा, की इंग्रजी गाणी म्हणजे नाच आणि नसते चाळे. घट्ट पँट घातलेल्या गायकांचे फोटो पाहून आई कॅसेटची डबी पालथी ठेवायची. पण तेच लांब केसांचे लोक मधूनच गुडघे टेकत. गिटार खाली ठेवल्यासारखी बारीक होई, ऑर्गन येई, मागे पाच-सहा बायकांचा ताफा उभा राही. पुढचा विचारी, मागच्या उत्तर देत. कोणी प्रेमिकेलाच देवदूत करून टाकलेलं, कोणाला नदी ओलांडून घरी जायचं असे आणि ते घर म्हणजे मरण आहे हे मला फार उशिरा कळलं. कोणी नुसतंच देवाचं नाव घेई, आपण ठेच लागल्यावर ‘आई गं’ म्हणतो तसं.

मला त्यांतली आनंदाची गाणी कधीच आवडली नाहीत. टाळ्या वाजवत, देव भेटला हो भेटला म्हणणारी. मला आवडायची ती तक्रारीची. ज्यांत माणूस एकटा असतो, आवाज खालच्या पट्टीत असतो, आणि तो देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलतो. आपल्याकडेही संतांनी देवाला शिव्या दिल्या आहेत, असं बाबा सांगायचे. पण ते मी मोठेपणी, अक्षरं लावत लावत वाचलं. माझी ओळख आधी या परक्या भांडणाशी झाली.

ती मला करून दिली नंदूने. नंदू म्हणजे धारच्या आत्याचा मुलगा, एकुलता एक. आय. टी. आय. करून तो पीथमपुरात एका कारखान्यात लागला होता. रोज पहाटे धारहून शिफ्टची बस जायची, त्यात हा. पहिल्या पगारात त्याने इंदूरहून टू-इन-वन रेडिओ-टेप आणला, आणि आत्याने त्यावर क्रोशाचं झाकण विणलं. कॅसेटी तो कुठून कुठून भरून आणायचा. इंग्रजी त्याला फारसं येत नव्हतं आणि गाण्यातल्या शब्दांशी त्याचं काही देणंघेणंही नव्हतं. त्याला ड्रम कळायचे. मी सुट्टीत धारला गेले की मला समोर बसवून विचारायचा,

‘मॅडम, हा काय म्हणतोय?’

‘देवाला हाक मारतोय.’

‘इतक्या फास्ट? देव काय पळून चाललाय का?’

आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘तुझा हा धडधडाट ऐकून कोणीही पळेल.’

आत्याचा स्वतःचा गळा मोठा होता. मोठा म्हणजे शिकलेला नव्हे, भरलेला. तिच्या सासरी राममंदिराची सेवा संस्थानच्या काळापासून चालत आलेली. पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज संध्याकाळी घरच्या बायकांनी पदं म्हणायची, आणि नवमीला दुपारी जन्म झाला की पाळणा. पाळणा लग्न होऊन आल्यापासून आत्याच म्हणायची. शाळेत पहिली-दुसरीच्या मुलींना शिकवून शिकवून तिच्या आवाजाला एक स्पष्टपणा आला होता. शेवटच्या रांगेतल्या बाईलाही प्रत्येक शब्द पोचायचा. नंदू तिच्या पदांना ताटावर ठेका धरायचा. ‘आई, हे ड्रमवर काय बसेल!’

‘बसव. रामच उठून नाचायला लागला तर तू सांभाळ.’

त्या वर्षी पौषात कोहरा फार पडला. धारपासून पीथमपुरापर्यंत रस्ता दिसत नसे. एका पहाटे शिफ्टची बस वळणावर उलटली. बाकीच्यांना लागलं, खरचटलं. नंदू गेला.

याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. बातमी आली तेव्हा आई कणीक मळत होती, आणि बाबांनी तिचे पिठाचे हात धरले, एवढं दिसतं.

चैत्रात माझी बी. ए.ची परीक्षा होती. बाबा म्हणाले, ‘तू धारलाच जाऊन अभ्यास कर. ताईजवळ कोणीतरी हवं.’ मला बोलता येत नाही, सांत्वन करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच त्यांनी मला पाठवलं. घरात बोलणारे पुष्कळ येऊन गेले होते.

आत्याच्या घरात आतोबा ओसरीवर बसलेले असत. रिटायर झालेले, मुळातच अबोल, आता तर जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागे. पहाटे कोपऱ्यावर शिफ्टची बस हॉर्न द्यायची. दुसऱ्या मुलांसाठी. आत्या अंथरुणात उठून बसायची. मग बसलीच आहे तर म्हणून चूल पेटवायची, पाणी तापवायची, आणि उजाडायच्या आत तिची सगळी कामं संपून जायची. शाळेतून तिने रजा घेतलेली, त्यामुळे पुढचा अख्खा दिवस तिच्यासमोर रिकामा पडलेला असायचा.

मी दुपारी आतल्या खोलीत अभ्यास करायचे. त्या खोलीत टू-इन-वन होता, क्रोशाच्या झाकणाखाली. आत्यानेच एकदा झाकण काढलं आणि म्हणाली, ‘लाव की. तुला कळतात ती. बंद राहिलं तर बिघडेल.’ मी अगदी हळू आवाजात लावायचे. तिखट-मीठ लावलेली कैरी, पुस्तक, आणि परक्या देशातला कोणीतरी माणूस. आत्या दारात गव्हातले खडे निवडत बसायची. एका दुपारी तिने सूप बाजूला ठेवलं.

‘हा रडतोय का गं?’

‘नाही. त्याचा आवाजच तसा आहे.’

‘काय म्हणतो?’

मला लाज वाटली. इंग्रजीतलं मराठीत सांगताना माझी जीभ नेहमी अडखळते. मधे हिंदी शब्द येतात. तरी सांगितलं. तो देवाला म्हणतोय, तुला माझं घर माहीत होतं. दारात दिवा होता, दार उघडं होतं. तू गल्लीत आलास हेही लोकांनी पाहिलं. मग शेजारच्या घरी का गेलास?

आत्याने मुठीतले खडे बाहेर टाकले. मग तिने विचारलं, ‘त्याचं कोण गेलं?’

‘गाण्यात सांगितलं नाही.’

‘गेलंय कोणीतरी. उगाच नाही असं कोणी विचारत.’ आणि थोड्या वेळाने, ‘मग पुढे? देव काय म्हणाला?’

‘देव काही म्हणत नाही. मागच्या बायका म्हणतात, तो येईल, तो येईल.’

‘त्यांना काय,’ आत्या म्हणाली आणि सूप परत हातात घेतलं. ‘त्यांना पैसे मिळत असतील तसं म्हणायचे.’

मी ते गाणं त्यानंतर पुष्कळदा ऐकलं आहे आणि दर वेळी त्या बायकांपाशी थांबले आहे. धर्माची जी जी म्हणून गाणी मला आवडत होती, त्या सगळ्यांत त्या होत्या. माणूस हाक मारतो आणि मागून गोड, भरघोस उत्तर येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ऐकलं कोणीतरी. पण उत्तर देणाऱ्या बायका त्याच खोलीत, त्याच माइकपाशी उभ्या असतात. त्यांच्या हातात कागद असतो. हे मला मिशनच्या शाळेत इतकी वर्षं दिसलं नाही, तिथे तर मागच्या रांगेत मी स्वतःच उभी असायचे. पहिली-दुसरीच्या मुलींना शिकवणाऱ्या माझ्या आत्याला एका दुपारी दिसलं. त्या दिवसानंतर ते गाणं मला कधी पुरतं आवडलं नाही, आणि सोडवलंही नाही.

पाडवा झाला. दाराला तोरण नव्हतं, वर्ष व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी थोरल्या काकू आल्या. आत्याच्या त्या मोठ्या जाऊबाई, मंदिराच्या सेवेचं सगळं त्या बघत. वाईट बाई नव्हत्या. नंदू गेला तेव्हा महिनाभर त्यांच्याकडूनच जेवणाचा डबा येत होता. त्या आत्याजवळ खाली बसल्या, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘रमा, सेवेला यायचं हो तू. सुतक केव्हाच फिटलं. पदं म्हण, आरती म्हण, देवापुढे बसलं की बरं वाटतं.’

‘येईन की वहिनी.’

‘फक्त पाळणा...’ काकू थांबल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला. ‘माझ्या मनात काही नाही गं. देवाशप्पथ नाही. पण चार बायका बोलायला लागल्यात. पाळण्याची दोरी लेकुरवाळीच्या हातात हवी, आणि म्हणणारीही... तशी रीतच आहे आपल्यात. सासूबाई असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.’

आत्याने मान हलवली. कुठल्या भाजीला काय घालायचं हे ठरवताना हलवावी तशी.

‘तुम्ही म्हणा ना वहिनी.’

‘माझा गळा म्हणजे फुटकं मडकं. आणि मला सगळी कडवी कुठे येतात? ती तुलाच ठाऊक.’ मग काकूंची नजर दारातल्या माझ्याकडे वळली. ‘ही आहे की. कुमारिकेला चालतं. हिला शिकव. तुझंच माहेरचं रक्त आहे, तुझीच सेवा झाली म्हणायची.’

मी ‘नको’ म्हणणार होते. माझं ‘नको’ नेहमी इतकं हळू येतं, की समोरचा तोवर पुढचं वाक्य बोलून गेलेला असतो.

काकू गेल्यावर आत्या म्हणाली, ‘मी एकदाच म्हणून दाखवीन. परत परत नाही म्हणवणार मला.’

‘एकदाच ऐकून मला नाही येणार, आत्या.’

‘मग टेपवर घे. त्याच्याच एखाद्या कॅसेटवर घे. फक्त तो शेजारच्या घरी गेला म्हणणारा आहे ना, त्याला पुसू नकोस. दुसरं काहीही पूस.’

मी नंदूची एक नाचाच्या गाण्यांची कॅसेट निवडली. तिची मागची टिकली तुटलेली होती, म्हणजे वर नवं काही भरता येईना. त्यावर चिकटपट्टी लावली. आत्या हातपाय धुऊन आली, कुंकू नीट केलं, आणि टू-इन-वनसमोर मांडी घालून बसली. देवासमोर बसते तशीच. मी रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली.

त्या पाळण्यात दिवसांची कडवी आहेत. पहिल्या दिवशी बाळाला न्हाऊ घालतात, दुसऱ्या दिवशी दृष्ट काढतात, पाचवी पुजतात, असं करत बाराव्या दिवशी नाव ठेवतात. देव म्हणून त्यात जवळजवळ काही नाहीच. तेल आहे, ऊन पाणी आहे, वेखंड आहे, ओवाळणाऱ्या बायका आहेत. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याला झोप म्हणायचं. आत्याने पहिला सूर लावला आणि मी भिंतीकडे पाहू लागले. तिचा आवाज फुटला नाही. एकदाही फुटला नाही. मला वाटलं होतं पाचवीच्या कडव्याला ती थांबेल, बाराव्याला तर नक्कीच. पण ती एकेक दिवस पुढे जात राहिली, शेवटच्या रांगेला पोचेल अशा स्वच्छ उच्चारात, जणू मी वर्गातली मठ्ठ मुलगी आहे आणि मला हे एकदा नीट समजावून सांगायचं आहे. बाहेर ओसरीवर आतोबा उठून उभे राहिल्याचा आवाज आला. ते आत आले नाहीत.

नाव ठेवून झाल्यावर तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, ‘बंद कर,’ आणि उठून गहू निवडायला गेली.

मी पुढचे दिवस पुस्तकाच्या आड तो पाळणाच ऐकत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या आवडीची सगळी गाणी देवाला उठवणारी होती. मिशनमधली, रेडिओवरची, त्या तक्रार करणाऱ्या माणसाचं. ऊठ, बघ, ये, ऐक. आत्याचं हे एकच गाणं त्याला झोपवणारं. शेजारतीही झोपवते म्हणा, पण ती मोठ्या, दमलेल्या देवाला. त्याच्याकडे सकाळी काहीतरी मागायचं असतं. पाळण्यातल्याकडे काही मागता येत नाही. तो पोरगा आहे, त्याला काहीच करता येत नाही, त्यालाच सांभाळायचं आहे. पूर्वी मला यात माया दिसली असती. त्या दिवसांत मात्र मला वाटत राहिलं, की आत्याला खरं काय ते माहीत आहे. वर कोणी जागं नाही. आपणच त्याला पिढ्यान्‌पिढ्या थोपटून झोपवलेलं आहे.

नवमीला मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळाने त्या वर्षी नवा अॅम्प्लिफायर आणला होता, आणि कैलाश भिया, लाउडस्पीकरचं काम बघणारा, वायरी गळ्यात घालून नवरदेवासारखा फिरत होता. मी बाजूच्या कोठीघरात टू-इन-वन कानाशी धरून शेवटची कडवी घोकत होते. बारा वाजले, गुलाल उधळला, घंटा, शंख. काकूंनी दोरी हातात घेतली आणि मला माइकसमोर उभं केलं.

मी सुरुवात केली. पहिल्या दिवसाचं न्हाणं मी म्हटलं, बहुतेक. माइकने शीळ घातली. मागून बायका म्हणाल्या, ‘अगं, ऐकूच येत नाही.’ ‘मोठ्याने, बाई, मोठ्याने.’ ‘कॉन्व्हेंटवाली आहे ना, तिला कुठलं येतंय.’ मी थांबले. कैलाश भिया कोठीघरातून टू-इन-वन घेऊन आला.

‘अरे दीदी, टेन्शन क्यों लेते हो? इसमें तो पूरा भरा हुआ है, मैंने सुना अभी. काकूजी, लगा दूं?’

काकूंनी दोरी धरल्या हातानेच लाव म्हणून खूण केली. मुहूर्त टळत चालला होता. त्याने कॅसेट मागे फिरवली आणि माइक टू-इन-वनच्या जाळीला लावला.

आणि आत्याचा आवाज आला. मंदिरात, मंदिराबाहेरच्या भोंग्यातून रस्त्यावर, रस्त्यापलीकडच्या छतांवर. पहिला दिवस, दुसरा दिवस. बायकांनी हात जोडले. काकू लयीत दोरी ओढत होत्या, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी सगळ्यांचे चेहरे पाहत होते, त्या चार बायका कोण असतील याचा अंदाज घेत होते. एकीच्याही कपाळाला आठी नव्हती. हा आवाज कोणाचा हे तिथे न ओळखणारं कोणीच नव्हतं. मुलगा गेलेल्या बाईने पाळणा म्हणू नये, म्हणून तर मला उभं केलं होतं. पण तिचा आवाज डब्यातून आला, तेव्हा तो चालला. माणूस विटाळतो, यंत्र विटाळत नाही, असं काही कोणी ठरवलं नव्हतं. कोणाच्या मनात आलंच नाही, इतकंच. आणि मला, खरं सांगायचं तर, आधी नुसतं सुटल्यासारखं वाटलं. मग खांबाशी नजर गेली.

आत्या खांबाशी उभी होती, सुंठवड्याचं ताट घेऊन. ओठ घट्ट मिटलेले. तिचा आवाज तिच्या डोक्यावरून गर्दीकडे जात होता आणि ती चिमूटभर चिमूटभर सुंठवडा पसरलेल्या तळहातांवर ठेवत होती. पाचवीचं कडवं आलं, तिने हात थांबवला नाही. नाव ठेवलं गेलं. ‘बंद कर,’ असंही शेवटी सगळ्या गावाला ऐकू आलं, आणि काही पोरी फिसकन हसल्या.

‘रमाताई, काय आवाज लागलाय हो यंदा!’ एक बाई प्रसाद घेताना म्हणाली. ‘अगदी जीव ओतलात.’

‘टेप चांगली आहे,’ आत्या म्हणाली. ‘घ्या, सुंठवडा घ्या.’

दुसऱ्या दिवशीपासून ती मंदिरात गेली नाही. बोलावणी आली, गुडघे दुखतात म्हणाली. श्रावणातल्या आरत्यांना गेली नाही. शाळेतल्या मुलींना कविता ती चालीवर शिकवायची, त्या वाचून शिकवू लागली. बाबा एकदा तिला म्हणाले, ‘ताई, एखादं पद म्हण, तुला बरं वाटेल.’ ती म्हणाली, ‘बरं वाटायला काय झालंय मला?’ बाबांनी परत विषय काढला नाही. मी परीक्षेत पास झाले, नोकरी लागली. मिशनची गाणी सुटली. रेडिओवर ऑर्गन आणि बायकांचा ताफा सुरू झाला की मी स्टेशन बदलते. आता मला नुसती वाद्यं बरी वाटतात, तीही फार वेळ नाही. नंदू हसला असता. म्हणाला असता, मॅडम, आलात ना शेवटी ड्रमवर.

ती कॅसेट त्या दिवशी कैलाश भियाने परत दिली नाही. काकूंनीच ठेवून घ्यायला सांगितली. तेव्हापासून दर नवमीला तीच लागते, शेवटचं ‘बंद कर’ कापून. नवीन सुना दोरी धरतात. म्हणायला कोणी शिकलंच नाही. शिकायची गरज राहिली नाही. लोक म्हणतात, आमच्याकडे पाळणा अजून जुन्या पद्धतीचा असतो.

गेल्या वर्षी नवमीला मी धारमध्ये होते. आतोबा मंदिरात गेले होते, आत्या आणि मी घरी. दुपारचं ऊन पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर उलटे, काही न करता. आताशा ती अशीच बसते. शंख वाजला, घंटा वाजल्या, आणि भोंग्यातून पाळणा सुरू झाला. टेप जुनी झाली आहे, सूर थोडा खाली उतरला आहे. मी उठले, म्हटलं, ‘खिडकी लावते.’

‘राहू दे.’

आम्ही ऐकत बसलो. पहिला दिवस, दुसरा दिवस. आत्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेजारणीच्या घरातलं बोलणं भिंतीतून कानावर पडावं, तशी ती ऐकत होती. पाचवीपाशी मी जमिनीकडे पाहिलं.

‘बरी म्हणते ती,’ आत्या म्हणाली.

मी मान वर केली.

‘आणि तिला म्हणू देतात.’